पेला उपडा करून पाहा

कामं उरकली असतील तर निवांत बसा. उरकली नसतील तर भाकरी थापता थापता ऐका, आमची काही हरकत नाही. आज आपण काचेविषयी बोलणार आहोत. पण आधी तुमच्या मांडणीवरची भांडी आठवा.

स्टीलच्या डब्यावर, पितळेच्या ताटावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं असतं. अमक्याच्या लग्नात मामांकडून भेट, तमक्याच्या वास्तुशांतीला मित्रमंडळाकडून सप्रेम. खाली तारीख, गावाचं नाव. देणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं असतं. ज्यानं ते भांडं घडवलं त्याचं नाव मात्र बहुतेक वेळा नसतं. इतकी वर्षं आपण ही भांडी घासतो आहोत, पण ते कधी आपल्या लक्षात आलं नाही. ते लक्षात आलं एका काचेच्या पेल्यामुळे.

झालं असं, की आमच्या गटाच्या बैठकीला एक मावशी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आल्या. उघडलं तर काचेचा पेला. रंग झेंडूच्या फुलासारखा, पण उजेडात फिरवला की त्यावर गुलाबी, हिरवी, जांभळी झळाळी पळायची. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात गाडीचं तेल सांडलं की पाण्यावर रंग दिसतात ना, तशी. मावशी म्हणाल्या, "सासूबाईंचा आहे. भंगारवाला म्हणतो, हा आणि दोन पातेली दे, प्लास्टिकची बादली देतो. देऊ का?"

पेला हातोहात फिरला. कोणी म्हणालं विलायती असेल, कोणी म्हणालं चिनी. दहावीतल्या एका मुलीनं तो उपडा केला आणि म्हणाली, "इथं अक्षरं आहेत. जे, ए, आय, एन. जैन." लगेच एक काकू म्हणाल्या, "म्हणजे जैनांच्या घरचा होय गं? मग त्यांचा त्यांना देऊन टाका." सगळ्या हसलो. कारण भांड्यावरचं नाव म्हणजे मालकाचं, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं आहे. पण हे नाव मालकाचं नव्हतं. ज्या कारखान्यानं पेला बनवला त्याचं होतं.

तिथून आम्ही या काचेच्या मागे लागलो, आणि थेट अमेरिकेपर्यंत पोचलो. तीच गोष्ट आज सांगतो.

ही काच आली कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये लुई टिफनी नावाचा एक मोठा कलावंत-कारखानदार होता. १८९० च्या दशकात त्यानं इंद्रधनुषी झळाळीची काच बाजारात आणली. एकेक वस्तू तोंडानं फुंकून, हातानं घडवून केलेली. ती इतकी महाग की श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच दिसायची. साध्या घरच्या बाईनं ती दुकानाच्या काचेतून पाहावी आणि पुढं जावं.

मग त्याच देशात वेस्ट व्हर्जिनिया राज्यात फेंटन नावाचे भाऊ पुढं आले. त्यांची सुरुवात आपल्या एखाद्या गटासारखीच होती. १९०५ साली त्यांनी दुसऱ्या कारखान्यांकडून कोरी काचेची भांडी घ्यायची आणि ती रंगवून विकायची, असा धंदा सुरू केला. पण कोरी भांडी देणाऱ्यांनीच हात आखडता घेतला. तेव्हा भावांनी ठरवलं, आपणच काच बनवू. १९०७ च्या जानेवारीत विल्यम्सटाउन गावी त्यांच्या भट्टीतून पहिली काच निघाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी झळाळीची स्वस्त काच काढली.

स्वस्त कशी झाली? फुंकायचं काम वाचवलं. लोखंडी साच्यात तापलेल्या काचेचा गोळा टाकायचा आणि वरून दाबायचा, की नक्षीसकट वाडगा तयार. तो पुन्हा तापवून कडेला हातानं चुण्या पाडायच्या. मग गरम असतानाच त्यावर धातूच्या क्षारांचं पाणी फवारायचं, लोखंडाच्या किंवा कथलाच्या. त्याचा अतिशय पातळ पापुद्रा काचेवर बसतो. त्या पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या अंगावरून परत येणारा उजेड एकमेकांत मिसळतो आणि रंग खेळू लागतात. डबक्यातल्या तेलाचं गुपित हेच. शेवटी भांडी लांबच लांब भट्टीतून हळूहळू थंड करायची, नाहीतर तडकतात.

फेंटनच्या मागोमाग इतरही धावले. व्हीलिंग गावच्या हॅरी नॉर्थवूडनं १९०८ साली आपली झळाळीची काच 'गोल्डन आयरिस' या नावानं विकायला काढली. ओहायो राज्यात बेलेअर गावी इम्पीरिअल कारखाना, पेन्सिल्व्हेनियात डुगन कारखाना, आणि फेंटन भावांपैकीच जॉननं ओहायोत मिलर्सबर्ग इथं काढलेला वेगळा कारखाना. मिलर्सबर्गचा कारखाना १९०९ साली सुरू झाला आणि १९११ साली दिवाळखोरीत गेला. दोन वर्षांचंच आयुष्य, पण काच इतकी चकचकीत की आजही जाणकार लांबून ओळखतात.

पंधरा-वीस वर्षं ही काच घरोघरी गेली. फळांचे वाडगे, सरबताचे पेले, फुलदाण्या. मग फॅशन उलटली. पडून राहिलेला माल जत्रांमध्ये खेळांची बक्षिसं म्हणून वाटला गेला, असं सांगतात. त्यावरूनच पुढं, कारखान्यांची चलती संपल्यावर कितीतरी वर्षांनी, संग्राहकांनी तिला 'कार्निव्हल ग्लास' म्हणायला सुरुवात केली. कार्निव्हल म्हणजे जत्रा. जत्रेतली काच. बनवणाऱ्यांनी आपल्या मालाला ठेवलेली नावं वेगळीच होती. ती मागं पडली आणि हे चिकटलं.

आता ओळखायची कशी?

आज अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात ही काच हौसेनं जमवणारी माणसं आहेत. त्यांच्यापुढं नेहमी एकच प्रश्न असतो, ही वस्तू बनवली कोणी? आपण गाय घेताना शिंगं, कास, दात बघतो. तशी या लोकांची पाहणी असते. ती आम्ही तुम्हाला क्रमानं सांगतो.

पहिली गोष्ट, वस्तू उपडी करा. बुडाशी काही चिन्ह आहे का? नॉर्थवूडच्या बऱ्याच भांड्यांवर इंग्रजी एन अक्षर, त्याखाली रेघ आणि भोवती गोल असं चिन्ह असतं. फेंटनच्या जुन्या मालावर मात्र काहीच नसतं. लंबगोलात फेंटन हे नाव त्यांनी आपल्या झळाळीच्या काचेवर १९७० पासून घालायला सुरुवात केली. १९८० नंतरच्या मालात त्या नावाखाली बारीक आठचा आकडा आला, १९९० नंतर नऊचा. म्हणजे बुडाशी फेंटन लिहिलेलं दिसलं, तर ती वस्तू शंभर वर्षांची नाही हे तिथंच कळतं. विकणारा काहीही सांगो.

दुसरी गोष्ट, उजेडासमोर धरा. वरची झळाळी फसवते. काचेचा खरा रंग बुडाशी, जिथं फवारा पोचलेला नसतो तिथं दिसतो. झेंडूच्या रंगाच्या भांड्याची काच मुळात पाण्यासारखी रंगहीन असते, केशरी दिसतो तो नुसता मुलामा. संग्राहक या रंगाला 'मॅरिगोल्ड'च म्हणतात, म्हणजे आपला झेंडू. जांभळी, निळी, हिरवी काच असेल तर रंग काचेतच असतो. लाल रंग जुन्या मालात फार कमी. आणि पीच म्हणजे आडू फळासारखा रंग, कडेला दुधाळ पांढरा, असा वाडगा दिसला की जाणकारांना आधी डुगन कारखाना आठवतो.

तिसरी गोष्ट, नक्षी आतून आणि बाहेरूनही बघा. पुष्कळ वाडग्यांना आत एक नक्षी आणि बाहेर दुसरी असते. नुसत्या आतल्या नक्षीवर जाऊ नका, कारण कारखाने एकमेकांची नक्कल सर्रास करायचे. कुंडीशेजारी उभा असलेला मोर ही नक्षी फेंटन, नॉर्थवूड आणि मिलर्सबर्ग या तिघांनीही काढली. मग फरक कसा करायचा? मोराच्या चोचीजवळ मधमाशी आहे की नाही, कुंडीवर मण्यांच्या रांगा किती, हे मोजून. पैठणीच्या पदरावरचा मोर बघून आपण हातमागाची कोणती नि यंत्रमागाची कोणती म्हणतो, तसंच हे डोळ्याचं काम आहे.

चौथी गोष्ट, बोट फिरवा. साचा दोन, तीन किंवा चार तुकड्यांचा असतो. तुकडे जुळतात तिथं काचेवर बारीक उभी रेघ उमटते. साचा किती तुकड्यांचा होता ते या रेघा मोजून कळतं. कडेच्या चुण्या बघा, त्या हातानं पाडलेल्या असतात, म्हणून एकाच साच्यातले दोन वाडगे तंतोतंत सारखे नसतात. झळाळी आरशासारखी लख्ख आहे की रेशमासारखी मऊ, तेही बघा.

पाचवी गोष्ट, नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका. इम्पीरिअल कारखान्यानं १९६० च्या दशकात जुनेच साचे काढून पुन्हा झळाळीची काच बनवली. पण त्यावर आय आणि जी ही अक्षरं एकात एक गुंफून घातली, म्हणजे जुना माल कोणता नि नवा कोणता हे कळावं. हा प्रामाणिकपणा झाला. पण सगळे तसे नव्हते. एका व्यापाऱ्यानं नॉर्थवूडच्या चिन्हाशी मिळतंजुळतं चिन्ह आपल्या नव्या मालावर घातलं. एनच्या जागी जरा वळणाचं अक्षर, बाकी तोच गोल, तीच रेघ. हॅरी नॉर्थवूड १९१९ सालीच वारला होता, कारखाना १९२५ साली बंद झाला होता. तक्रार कोण करणार? शेवटी संग्राहकांच्याच एका संघटनेनं ते जुनं चिन्ह आपल्याकडं घेतलं, कोणी पुन्हा वापरू नये म्हणून. मेलेल्या माणसाच्या नावाची राखण परक्यांनी केली.

ही काच अमेरिकेतच राहिली नाही. इंग्लंड, स्वीडन, फिनलंड, जर्मनी इथल्या कारखान्यांनी ती बनवली. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या क्राउन क्रिस्टल कारखान्यानं तिच्यावर कांगारू नि एमू काढले. प्रत्येकानं आपल्या अंगणातलं काहीतरी काचेवर ठेवलं. म्हणून नक्षीवरून देशही ओळखता येतो.

आपल्याकडचं काय?

आता मावशींच्या पेल्याकडं येऊ. जैन ग्लास वर्क्स हा कारखाना उत्तर प्रदेशात फिरोजाबादला. छदामीलाल जैन यांनी तो १९२८ साली काढला. फिरोजाबाद म्हणजे आपल्या हातातल्या काचेच्या बांगड्यांचं गाव. या कारखान्यानं झेंडूच्या रंगाचे पेले आणि फुलदाण्या केल्या. फुलदाणीवर हत्ती, मासे, देवी. एक फुलदाणी तर अशी, की उभा हात आणि त्या हातात धरलेलं फुलपात्र. पेले साच्यात फुंकून केलेले, काच पातळ नि हलकी. काहींवर जैन हे नाव उठावात. त्याच गावच्या पालीवाल ग्लास वर्क्सच्या काही पेल्यांवर पी, जी, डब्ल्यू ही अक्षरं सापडतात.

भारतात अशी काच बनत होती, हे परदेशातल्या संग्राहकांना फार उशिरा उमगलं. हत्ती आणि मासे त्यांच्यापुढं होते, पण त्यांचा कारखाना कोणता हे सांगायला कोणी नव्हतं. ज्या पेल्यांवर नाव होतं, त्यांनीच शेवटी वाट दाखवली. नाव असलेल्या पेल्याशेजारी बिननावाचा पेला ठेवायचा, काच ताडून बघायची, नक्षी ताडून बघायची, मग म्हणायचं, हा याचाच भाऊ. चार अक्षरांनी कितीतरी पोरक्या वस्तूंना घर मिळालं.

आपल्या महाराष्ट्रालाही काचेचा इतिहास आहे. ही झळाळीची काच नव्हे, पण रोजच्या वापराची. लोकांकडून पैसा पैसा जमवून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथं काच कारखाना निघाला. तिथं काम शिकलेली माणसं पुढं देशभरातल्या कारखान्यांत गेली. कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंचा काच कारखाना होता. त्यांच्या प्रभाकर कंदिलाचं नाव काढा, ऐंशी वर्षांच्या आजीचा चेहरा उजळतो. कंदील विझून जमाना झाला, नाव अजून तोंडात आहे. वस्तूवर नाव घातलं की असं होतं.

पण नाव कोणाचं?

इथपर्यंत आल्यावर आमच्या गटातल्या एकीनं विचारलं, "नॉर्थवूडनं बनवला म्हणता, जैननं बनवला म्हणता. पण नॉर्थवूड काय स्वतः भट्टीपुढं उभा होता? गोळा कोणी उचलला? साचा कोणी दाबला? फवारा कोणी मारला?" आम्ही गप्प झालो. प्रश्न बरोबर होता.

लुईस हाइन नावाचा छायाचित्रकार १९०८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या काचेच्या कारखान्यांत फिरला. बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या समितीसाठी त्यानं फोटो काढले. त्या फोटोंत लहान लहान पोरं आहेत. चेहरे काळवंडलेले, काही रात्रपाळीची. झळाळीच्या काचेचा धंदा भरात येत होता, तेच हे वर्ष, तेच हे राज्य. तिथल्या काचधंद्यात अशी पोरं राबत होती आणि त्यांची नावं कोणत्याही भांड्याच्या बुडाशी नाहीत.

आणि बायका? ज्या टिफनीची नक्कल सगळे करत होते, त्याच्याच कारखान्याची गोष्ट ऐका. टिफनीचे रंगीत काचेचे दिवे जगप्रसिद्ध आहेत. शंभर वर्षं सगळे म्हणत आले, टिफनीचे दिवे. कारखान्यात बायकांचा एक वेगळा विभाग होता. काच निवडायची, कापायची, तुकडे जुळवायचे, हे त्यांचं काम. त्या विभागाची प्रमुख होती क्लारा ड्रिस्कॉल. ओहायोच्या एका खेड्यात १८६१ साली जन्मलेली बाई. त्या कारखान्याचा नियम असा, की बाईचं लग्न ठरलं की काम सोडायचं. क्लारा लग्न झालं म्हणून गेली, नवरा वारल्यावर परत आली.

ही क्लारा आपल्या आईला आणि बहिणींना लांबलचक पत्रं लिहायची. आज काय केलं, कोणत्या मुलीनं काच छान कापली, नव्या दिव्याचं चित्र कसं सुचलं. १९०३ साली पुरुष कारागिरांच्या संघटनेनं बायकांच्या कामाला विरोध केला, त्याचीही हकिकत त्यांत आहे. ही पत्रं दप्तरखान्यात पडून होती. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांच्या हाती ती लागली तेव्हा कळलं, की चतुर नावाचा दिवा, ज्याच्यावर चतुर किडे पंख पसरून बसलेले आहेत, तो क्लाराच्या डोक्यातून आलेला होता. तो दिवा १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात गेला आणि त्याला पारितोषिक मिळालं. विस्टेरियाच्या फुलांचे घोस लोंबणारा दिवाही तिचाच. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये क्लारा आणि तिच्या सोबतिणींच्या कामाचं प्रदर्शन भरलं. ती १९४४ सालीच वारली होती.

बघा मैत्रिणींनो, दिव्यावर तिचं नाव नव्हतं. तिला तिचं नाव परत मिळालं ते पत्रांमुळं. आईला ख्यालीखुशाली कळवायला लिहिलेल्या पत्रांमुळं.

फेंटन कारखान्यात मात्र पुढं एक चांगली चाल पडली. १९६८ साली लुईझ पायपर नावाच्या चित्रकार बाई तिथं आल्या आणि हातानं चित्रं काढण्याचा विभाग त्यांनी उभा केला. चित्र जिनं रंगवलं तिचं नाव त्या भांड्यावर घालायचं, अशी तिथं पद्धत होती. उपडं केलं की कारखान्याचं नाव साच्यातून आलेलं दिसतं, आणि शेजारी बाईची सही कुंचल्यानं केलेली. त्या कारखान्यानं २०११ साली आपलं जुनं काचकाम थांबवलं, पण त्या सह्या आहेत. कोणा आजीची नात दुकानात वाडगा उपडा करून म्हणू शकते, ही माझी आजी.

आता जरा आपल्या मनगटाकडं बघा. हिरव्या बांगड्या आपण कासाराकडून भरतो. त्यांतल्या कितीतरी फिरोजाबादहून येतात. भट्टीतून काचेची लांब तार निघते, ती गुंडाळून कापतात. मग प्रत्येक बांगडीची दोन टोकं जुळवायची असतात. हे काम तिथल्या घराघरांत होतं, पुष्कळ ठिकाणी बायका आणि मुली करतात. जमिनीवर बसायचं, पुढं रॉकेलची नाहीतर गॅसची ज्योत, एकेक बांगडी ज्योतीत धरून टोकं चिकटवायची. डोळे चुरचुरतात, बोटं भाजतात. बांगडीवर त्यांचं नाव कुठं घालणार? पण चुडा भरताना जोड कुठं आहे ते बोटानं चाचपून बघा. तिथं एका बाईचा हात लागून गेलेला असू शकतो.

आमची स्वतःची गोष्ट

हे सगळं ऐकताना आमच्या गटाला स्वतःचं एक दुखणं आठवलं, तेही सांगून टाकतो. तीन वर्षं आम्ही काळा मसाला केला. मिरच्या देठ खुडून वाळवल्या, खोबरं भाजलं, दगडफूल निवडलं, उखळात कांडला. साध्या पिशव्यांत भरून तालुक्याच्या एका व्यापाऱ्याला द्यायचो. नाव घातलं नाही, कारण वाटायचं, आपल्याला कोण ओळखतं? एकदा एका लग्नघरी स्वयंपाकाला गेलो, तर तिथं रंगीत पाकिटात मसाला. वास घेतला तशी आमच्यातली एक म्हणाली, "अगं, हा तर आपलाच!" पाकिटावर व्यापाऱ्याचं नाव, आणि खाली 'घरगुती चव'. भाव आमच्या दुप्पट.

आम्ही भांडलो का? कसं भांडणार? आमच्या पिशवीवर आमचं होतं काय, ज्यावर बोट ठेवून म्हणावं की हे आमचं? त्या व्यापाऱ्यानं चोरी केली असंही म्हणता येत नव्हतं. आम्हीच आमचं भांडं कोरं ठेवलं होतं.

मावशींचा पेला बघितल्यावर आम्ही ठरवलं. आता पाकिटावर गटाचं नाव, गावाचं नाव, बनवल्याची तारीख. आणि क्लाराची गोष्ट ऐकल्यावर आणखी एक ठरवलं. गटाच्या वहीत त्या दिवशी कोणी भाजलं, कोणी कांडलं, कोणी पाकिटं भरली, ती नावं लिहायची. पाकिटावर मावणार नाहीत, पण वहीत मावतील. गटाच्या नावामागंही शेवटी कोणीतरी बाई असतेच.

मावशींच्या पेल्याचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. त्याला बाजारात काय किंमत येईल ते आम्ही सांगणार नाही. असे पेले पुष्कळ बनले होते, त्यामुळं लाखाची स्वप्नं बघू नका, आणि कोणी दाखवलीच तर सावध राहा. पण बादलीपेक्षा तो नक्कीच मोलाचा होता. मावशींनी तो ठेवला. आता त्यांना माहीत आहे की तो कुठल्या गावचा, कुठल्या कारखान्याचा. सासूबाईंनी तो कधी आणला हे घरातल्या एका वृद्ध आत्याबाईंना विचारून त्यांनी वहीत लिहून ठेवलं.

तुमच्याकडं अशी काच असेल तर एवढं करा. ती तारेच्या घासणीनं घासू नका, चिंच, राख, अॅसिड लावू नका. झळाळी पातळ असते, एकदा गेली की परत येत नाही. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं. उकळता चहा ओतू नका, तडकेल. भंगारात देण्याआधी उपडी करा, उजेडासमोर धरा, बोट फिरवा. अक्षरं वाचता आली नाहीत तर शाळेतल्या पोरीला हाक मारा.

आणि काच नसली तरी पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक जुनी वस्तू घेऊन या. गोधडी, सूप, पाटा, खलबत्ता, काहीही. ती कोणी दिली हे तर सांगाच. पण ती कोणी केली, हेही आठवून सांगा. आठवत नसेल तर घरी जाऊन विचारा. सांगणारी माणसं अजून आहेत, तोवर विचारून घ्या.

येतो मैत्रिणींनो. नमस्कार.